आईच्या गुडघ्यांची कॅप्सूल आणि रक्त पातळ करणारी गोळी

माझ्या आईच्या हृदयात धातूची मिट्रल झडप बसवलेली असल्यामुळे तिला वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागणार आहे. गुडघे झिजल्यावर डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या तिला चालण्यासारख्या नव्हत्या, कारण वॉर्फरिनसोबत त्या घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून मावशीने सुचवलेली शल्लकी आणि हळदीच्या अर्काची कॅप्सूल तिने सुरू केली. तिला त्याने आरामही पडू लागला होता, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

नेहमीच्या रक्ततपासणीत तिचा आयएनआर ४.६ आला. तिच्यासाठी तो २.५ ते ३.५ या दरम्यान हवा. आकडा जितका वर जातो तितका रक्त गोठण्यास अधिक वेळ लागतो. रक्तदाब मोजताना दंडाला पट्टा बांधला होता, तेथे काळानिळा डाग उमटला होता. हृदयरोगतज्ज्ञांनी विचारले, "आजी, नवीन औषध काही सुरू केलंय का?" आई नाही म्हणाली, कारण तिच्या लेखी ती कॅप्सूल औषधात मोडतच नव्हती. मी तिच्या पिशवीतली डबी काढून डॉक्टरांपुढे ठेवली.

लेबलवरच्या बारीक अक्षरांत शल्लकी आणि हळदीच्या अर्काखाली काळ्या मिरीतील पिपेरिनचेही नाव होते. शल्लकी आणि हळदीचा अर्क या दोहोंमुळे वॉर्फरिनचा परिणाम वाढल्याची रुग्णवृत्ते प्रसिद्ध झालेली आहेत. न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेने तर २०१८ मध्ये, हळदयुक्त उत्पादन घेतल्यानंतर आयएनआर १० च्या वर गेलेल्या रुग्णाची माहिती देऊन इशारा दिला होता. पिपेरिन घालतात ते हळदीतील कर्क्युमिन शरीरात अधिक शोषले जावे म्हणून. परंतु आतडे आणि यकृत यांतील जी विकरे इतर अनेक औषधांचे विघटन करतात, त्यांनाही ते मंदावते. आमटीतल्या चिमूटभर हळदीची गोष्ट वेगळी आणि दाट अर्काची वेगळी.

डॉक्टरांनी वॉर्फरिनचा एक डोस वगळायला आणि कॅप्सूल थांबवायला सांगितले, पण त्याहून अधिक वेळ त्यांनी पुढची गोष्ट समजावण्यात घालवला. वनौषधी बंद केल्यावर तिचा परिणाम ओसरतो आणि आयएनआर खाली येऊ लागतो; तो फार उतरला तर धातूच्या झडपेवर गुठळी धरून पक्षाघात होऊ शकतो. म्हणजे सुरू करणे जितके जोखमीचे, तितकेच परस्पर बंद करणेही. हे आम्हाला आधी कोणीही सांगितले नव्हते, आणि माझ्या मते प्रत्येक रुग्णाला ते सांगितलेच पाहिजे.

त्यानंतर घरातले सगळे मी एका कागदावर उतरवले: गोळ्या, काढे, चूर्णे, तेले, अगदी बामसुद्धा. बामवर मिथाइल सॅलिसिलेट लिहिलेले होते. ते त्वचेतून रक्तात उतरते आणि भरपूर चोळल्यास वॉर्फरिनचा परिणाम वाढवू शकते, हे औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्ट ताईंनी दाखवून दिले. एका नातेवाइकाने आणलेल्या, वर काहीच न लिहिलेल्या सांधेदुखीच्या पुड्याही यादीत होत्या. आईने त्या अजून घेतल्या नव्हत्या. आमच्या वैद्यांनी त्या पाहताच बाजूला काढल्या, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते आणि ते काही काळ घेऊन एकाएकी सोडले तर रुग्ण गंभीर आजारी पडू शकतो. तीच यादी वाचून वैद्यांनी पोटात घेण्याचे काहीही न देता हलक्या हाताने तिळाचे तेल लावणे, शेक आणि मांड्यांचे व्यायाम सुचवले. जोर लावून मालीश करू नये, असेही त्यांनी बजावले.

घडलेल्या प्रकाराची नोंद आम्ही भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे केली. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि रुग्ण किंवा नातेवाईक स्वतःही कळवू शकतात.

आईचा आयएनआर आता ३.१ आहे. जिना उतरताना गुडघे अजून दुखतात आणि तिला ती कॅप्सूल पुन्हा हवी आहे. डॉक्टरांनी सरसकट नकार दिलेला नाही. वैद्यांशी बोलून, एकाच कंपनीचे उत्पादन ठरलेल्या मात्रेत आणि सुरू केल्यावर आठवड्याच्या आत रक्ततपासणी, अशी अट त्यांनी घातली आहे. ते दोघे बोलेपर्यंत डबी माझ्या कपाटात राहील.