नाशिकहून ऑपेरा हाउसला: पायपेटीवाल्या मामांसोबत दोन दिवस

मुंबईला नेहमी जाणाऱ्या नाशिककरांच्या लेखी ‘ऑपेरा हाउस’ हे बहुधा एका भागाचे नाव असते. हिरे बाजारामुळे किंवा बसवरच्या पाटीमुळे ते कानावर पडते, पण त्या नावामागे चारशेपाचशे माणसे बसून गाणे ऐकतात असे खरेखुरे नाट्यगृह आहे, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. माझीही स्थिती फार निराळी नव्हती. माझे मामा नाशिकमध्ये अनेक वर्षे हौशी संगीत नाटकांना पायपेटीची (पायाने भाता दाबून वाजवायच्या हार्मोनियमची) साथ करीत आले आहेत आणि ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक, प्रत्यक्ष ऐकण्याची त्यांची जुनी इच्छा होती. गेल्या हिवाळ्यात तिथे पाश्चात्त्य कंठसंगीताचा एक कार्यक्रम असल्याचे समजले, तेव्हा आम्ही दोघांची तिकिटे काढली.

नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघणारी पंचवटी एक्स्प्रेस या प्रवासाला सर्वांत सोयीची आहे. मात्र तिने थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जाण्याऐवजी दादरला उतरावे, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर यावे आणि चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल पकडून चर्नी रोडला उतरावे. जलद लोकल चर्नी रोडला थांबत नाही. हे मी अनुभवाने सांगत आहे, कारण घाईत चुकीच्या गाडीत चढून आम्ही चर्चगेटला पोहोचलो आणि तिथून परत फिरलो. चर्नी रोडला पूर्वेकडे, म्हणजे समुद्राच्या विरुद्ध बाजूला, बाहेर पडले की ‘मामा परमानंद मार्ग’ या रस्त्यापर्यंत थोडेच चालावे लागते.

इमारत रस्त्याला लागूनच उभी आहे आणि वाहनांच्या गर्दीत ती सहज नजरेतून निसटते, म्हणून आधी समोरच्या पदपथावर उभे राहून तिचा दर्शनी भाग नीट पाहावा. बरोक या नक्षीदार युरोपीय शैलीचे हे नाट्यगृह बांधण्याची कल्पना मॉरिस बँडमन हा कोलकात्याहून आलेला नाट्यव्यावसायिक आणि जहांगीर फ्रामजी कराका हे पारशी उद्योजक या दोघांची. काम 1909 मध्ये सुरू झाले. 1911 मध्ये दिल्ली दरबारासाठी ब्रिटिश राजे पंचम जॉर्ज भारतात आले असताना, बांधकाम पुरते संपलेले नसतानाच, त्यांच्या हस्ते उद्घाटन झाले, आणि ‘रॉयल ऑपेरा हाउस’ या नावातले ‘रॉयल’ हे विशेषण त्यातूनच कायमचे चिकटले.

1909 हे साल ऐकताच मामा थबकले. नाशिकच्या माणसाला त्या सालाची आठवण वेगळ्या कारणाने असते. त्या वर्षीच्या 21 डिसेंबरला आपल्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘संगीत शारदा’ नाटकाला कलेक्टर जॅक्सन आले असताना अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बदली होऊन निघालेल्या जॅक्सन यांच्या निरोपासाठी तो प्रयोग ठेवलेला होता. पुढच्या एप्रिलमध्ये कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. म्हणजे मुंबईत राज्यकर्त्यांच्या करमणुकीसाठी नाट्यगृह उभे राहू लागले, त्याच वर्षी नाशिकच्या नाट्यगृहात त्या राज्याला आव्हान मिळाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही हे मला कळते, तरीही त्या दारातून आत जाताना नाशिककराच्या मनात विजयानंद येणारच.

आत शिरल्यावर मात्र इतिहास बाजूला पडतो आणि डोळे आपोआप वर जातात. प्रेक्षागृहावर रंगवलेला घुमट आहे आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचावा या हिशेबाने त्याची रचना केलेली आहे. खाली मुख्य आसने, वर सज्जे, बाजूंना खाशा प्रेक्षकांसाठी केलेल्या बैठका आणि प्रवेशदालनात ससून घराण्याने दिलेली मोठी झुंबरे, असा सगळा थाट आहे. आज आसने पावणेसहाशेच्या आसपास आहेत, त्यामुळे भव्यतेची अपेक्षा धरून गेलेल्याला नाट्यगृह लहान वाटेल. मामांना मात्र तेच आवडले. गवयाचा चेहरा दिसला नाही तर गाणे अर्धेच ऐकू येते, असे त्यांचे जुने मत आहे.

या इमारतीत मला सर्वांत रोचक वाटते ती तिच्या नावाची आणि आयुष्याची फारकत. बांधली ऑपेरासाठी, पण नुसत्या ऑपेरावर तिचा चरितार्थ कधीच चालला नाही. परदेशी मंडळ्यांच्या प्रयोगांना येणारा वर्ग मुंबईत मर्यादित होता, आणि गिरगावासारख्या मराठी व गुजराती वस्तीच्या कुशीत असलेल्या या रंगमंचावर लवकरच इथल्या मंडळ्या उभ्या राहिल्या. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ इथे गायले. पृथ्वीराज कपूर यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या पृथ्वी थिएटर्सचा आरंभ याच ठिकाणी ‘शकुंतला’ या नाटकाने झाला. हे ऐकताच मामांनी 1880 साल काढले: अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने आपली संगीत रंगभूमी त्याच वर्षी पुण्यात सुरू झाली. कालिदासाची शकुंतला कुठे कुठे पोहोचली आणि नाशिकच्या मुख्य नाट्यगृहालाही त्याच कवीचे नाव आहे, यावर त्यांचे पुढची दहा मिनिटे भाष्य चालले होते.

मग बोलपट आले. ‘आलम आरा’ 1931 चा, आणि 1935 मध्ये या नाट्यगृहात चित्रपटासाठी फेरबदल झाले. त्याच सुमारास मराठी नाटक मंडळ्या एकामागून एक मोडत होत्या. या पडझडीत नाशिकचाही हात आहे, असे मामा हसत म्हणाले, कारण दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे आणि ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकलाच आणला होता. पुढे 1952 मध्ये गोंडलच्या महाराजांनी ही वास्तू घेतली. चित्रपटांचे उत्पन्न घटत गेले आणि 1993 मध्ये तिला कुलूप लागले. ते तेवीस वर्षे निघाले नाही. 2012 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिला धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत घेतले. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर 2016 मध्ये दारे पुन्हा उघडली आणि पुढच्या वर्षी या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. देशात आज उभे असलेले हे एकमेव ऑपेरागृह मानले जाते, आणि राष्ट्रीय म्हणावे असे सरकारी ऑपेरागृह आपल्याकडे नसल्यामुळे तो मान अनौपचारिकपणे याच खासगी वास्तूकडे आला आहे.

कार्यक्रमाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण संगीत नाटकावर वाढलेल्या माणसाने काय अपेक्षा ठेवावी हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. पियानोच्या साथीने दोन गायिकांनी इटालियन आणि फ्रेंच पदे म्हटली. समोर ध्वनिक्षेपक नव्हता. आपल्या नाट्यपदात गायक चाल हाती धरून तिचा विस्तार करतो, एखादी जागा पुन्हा घेतो, प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देतात आणि पद पंधरा मिनिटे चालते. इथे प्रत्येक स्वर आधीच लिहिलेला असतो आणि गायिकेचे कसब त्या लिखितात आवाजाचा वजनदारपणा, चढउतार आणि भाव आणण्यात दिसते. मधेच दाद देणे शिष्टाचारात बसत नाही, पद पूर्ण झाल्यावरच टाळ्या वाजवायच्या. पहिल्याच तारस्वराला मामांच्या तोंडून ‘वाहवा’ निघाली आणि पुढच्या रांगेतील दोन डोकी मागे वळली. मध्यंतरात ते म्हणाले, “अरे, आवाज घुमटात जाऊन वरून खाली येतो. आमच्या गायकांना हे मिळालं असतं, तर मला पायपेटीचा भाता इतका दाबावा लागला नसता.” वसंत कानेटकर नाशिकचे, त्यांच्या ‘मत्स्यगंधा’ला 1964 मध्ये जितेंद्र अभिषेकींनी दिलेल्या चालींवर मामांचा हात बसलेला. तीच पदे या घुमटाखाली कशी वाटतील, हा प्रश्न त्यांनी त्या संध्याकाळी मला तीन वेळा विचारला.

पदांचा आशय आधी वाचून जाणे फार उपयोगी पडते. भाषा कळत नसली तरी नायिका रागावली आहे की विरहात आहे एवढे ठाऊक असले, तरी ऐकण्यात फरक पडतो. तिकीट शक्यतो मुख्य आसनांचे किंवा पहिल्या सज्ज्याचे घ्यावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वरच्या सज्ज्याचा मोह टाळावा, मामांनी तो टाळला नाही आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर मला त्याची आठवण करून दिली. केवळ वास्तू पाहण्यासाठी म्हणून भर दुपारी आत जाता येईल अशा भरवशावर नाशिकहून निघू नये, कार्यक्रमाचे तिकीट हाच आत जाण्याचा खात्रीचा मार्ग आहे. इथे नाटक, नृत्य, जॅझ, चित्रपट असे सर्व काही होते आणि निव्वळ ऑपेरा क्वचितच असतो, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी कार्यक्रम नीट वाचावा. मोठी बॅग सोबत नेऊ नये. गिरगावात पोट भरण्याची चिंता नाही, पण नाशिककराने तिथे मिसळ मागवून तुलना करीत बसू नये, वेळ फुकट जातो.

परतीचा प्रश्न मात्र नीट सोडवावा लागतो. पंचवटी एक्स्प्रेस सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास टर्मिनसहून सुटते आणि संध्याकाळचा कार्यक्रम नऊनंतर संपतो, त्यामुळे एक तर दुपारचा प्रयोग गाठावा किंवा सरळ मुक्काम करावा. आम्ही गिरगावातल्या नातेवाइकांकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चालत केळेवाडीतील साहित्य संघ मंदिरापर्यंत गेलो, कारण ऑपेरा हाउसनंतर मराठी नाटकाचे गिरगावातील घर पाहिल्याशिवाय फेरी पुरी होत नाही, असा मामांचा हट्ट होता. दुपारी विश्रांती घेऊन सायंकाळी पंचवटीने निघालो. ती नाशिकरोडला पोहोचेपर्यंत दहा वाजत येतात, तेव्हा स्थानकाबाहेर रिक्षांची रांग असते पण भाडे आधी ठरवून घ्यावे लागते, आणि नाशिकच्या पंचवटी भागात राहणाऱ्यांनी घरून कोणाला तरी बोलावून ठेवलेले बरे.