खपली पडली म्हणजे भरलं असं नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि खरं सांगायचं तर पुन्हा पुन्हा विचारता म्हणून. ज्यांनी नुकताच टॅटू काढलाय ते विचारतात, "टच-अप कधी करायचा?" म्हणजे शाई उडालेल्या जागी पुन्हा सुई कधी चालवायची. ज्यांनी काढलेला नाही ते माझ्या मनगटावर बोट ठेवून विचारतात, "हे एवढंच असं का गं? नीट करून घे की." दोघांचं उत्तर एकाच जागी आहे.

माझ्या हातावर नेच्याचं एक लांब पान आहे. त्याला दोन्ही बाजूंनी मिळून 22 छोटी पानं. त्यातली 21 जशी हवी तशी आहेत. डावीकडचं तिसरं बिघडलंय. तुम्हाला नेमकं तेच दिसतं, त्याचं मला आता नवल वाटत नाही.

ते का बिघडलं हे आजवर मी जरा सोयीने सांगत आले. "झोपेत खाजवलं, खपली निघाली." झोपेत नव्हते मी. नववा दिवस होता, फोनवर कुणाशी तरी बोलत होते आणि नखाने टोक उचलत उचलत ती खपली काढली. अख्खी निघाली याचं क्षणभर समाधानही वाटलं. मग पाहिलं तर तिच्या उलट्या बाजूला काळी रेघ होती आणि माझ्या हातावर त्या जागी ओलं गुलाबी.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? काही नाही. वाट पाहिली असती. मी सतराव्या दिवशी स्टुडिओत जाऊन बसले. आर्टिस्टने हात दिव्याखाली धरून तिरका केला. कातडी चकाकत होती, ट्रेसिंग पेपरखाली चित्र ठेवावं तसं सगळं धुरकट दिसत होतं. तो म्हणाला, "हे अजून कच्चं आहे. महिनाभर जाऊ द्या." मी म्हटलं, नंतर सहा महिने मला जमणार नाही. जमलं असतं. पण ते पांढरं पडलेलं टोक मला रोज टोचत होतं आणि मी हट्टाला पेटले होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हातमोजे चढवले.

पहिल्या वेळचं दुखणं कोरडं होतं, ओरखडा काढल्यासारखं. या वेळी भाजल्या जागेवर पुन्हा चटका बसावा तसं झालं. टिश्यू फिरवला की शाईपेक्षा रक्त जास्त येत होतं. शाई धरतच नव्हती म्हणून त्याने त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा सुई नेली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी "अजून थोडं गडद" असं म्हणणारी मीच होते. घरी जाईपर्यंत ती जागा टम्म फुगली. दोन महिन्यांनी सूज, खपल्या सगळं गेलं तेव्हा हाताला लागणारा एक वळ उरला आणि त्याच्याभोवती निळसर छटा. शाई जास्त खोल गेली की ती अशी रेघ सोडून पसरते. आणि पसरलेल्या शाईवर टच-अप हा इलाजच नाही. वरून आणखी शाई घातली की रेघ नुसती जाड होते.

त्याने नाही म्हणायला हवं होतं, हे मी अजूनही म्हणते. सुई त्याच्या हातात होती, कातडी वाचणं हा त्याचा धंदा. पण त्याने सांगितलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

तर, कधी? वरची कातडी साधारण दोन ते चार आठवड्यांत भरून येते. शाई मात्र तिच्या खालच्या थरात असते आणि तिथलं काम दोन-तीन महिने चालू राहू शकतं. पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचे, सहा आठवडे, बस्स. एक मैत्रीण मोजून 42व्या दिवशी गेली. कोपराजवळचा गच्च भरलेला काळा टॅटू, अजून सालं निघत होती. तिला परत पाठवलं आणि तिने मला ऐकवलं. म्हणून आता म्हणते: सहा आठवड्यांच्या आत अजिबात नाही आणि त्यानंतर तारीख नाही, कातडी बघा. चकाकी गेली का? दाबलं तर दुखतं का? मनगट वाकवल्यावर टॅटूवरच्या सुरकुत्या शेजारच्या कातडीसारख्याच पडतात का? शंका असेल तर अजून एक महिना द्या, टॅटू कुठे पळून जात नाही. नव्या कातडीच्या धुरकटपणाला "रंग उडाला" समजून निम्मे लोक घाबरतात. तो पडदा विरला की खालची रेघ पुन्हा दिसते. उन्हाने हात रापलेला असेल तर तो उतरेपर्यंत थांबा. बोटांवर काढला असेल तर तो पुन्हा पुन्हा जाणारच, तिथे माझ्याकडे सल्ला नाही, सहानुभूती आहे.

आणि जुना टॅटू पुसट झाला म्हणून विचारत असाल, तर घाई कसलीच नाही. 2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपट्या गोंदून पाहिलं, की शाई गिळून बसलेल्या पेशी मरतात, शाई सांडते आणि नव्या पेशी तीच पुन्हा गिळतात. हे वाचल्यापासून मला माझ्या बाकीच्या 21 पानांचाही भरवसा वाटेनासा झालाय.

राहिला दुसरा प्रश्न, नीट करून का घेत नाही. वळावर सुई चालवायची तर तो पूर्ण बसायला हवा, वर्षभर तरी. माझं वर्ष केव्हाच उलटलं. गेल्या महिन्यात एका दुसऱ्या आर्टिस्टला हात दाखवला. तिने डोळे मिटले आणि पानावरून अंगठा फिरवत नेला. तिसऱ्या पानाशी अंगठा थबकला. म्हणाली, करता येईल, पण इथे शाई कशी बसेल ते करून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मी म्हटलं, कळवते.

अजून कळवलेलं नाही. कधी वाटतं भीती आहे, कधी वाटतं आळस आहे. परवा तुमच्यातल्याच कुणीतरी पुन्हा बोट ठेवलं, तेव्हा मी बाही खाली ओढली.