एकाच घरातले जेवण, मग ह्यालाच का?

एकाच घरातल्या दोन मुलांपैकी एकाच्याच लिव्हरवर चरबी का साठते, असे तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात धरून बसलेली आई बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारते: ‘‘डॉक्टर, दोघे भाऊ एकाच घरात वाढले, दोघांचे वजनही जास्तच आहे, मग ह्याच्याच लिव्हरवर चरबी का?’’ आपल्या हातून काही चुकले असावे, ही शंका तिच्या आवाजात असते, आणि ती मला फार लागते.

यकृतातली चरबी केवळ तेलातुपातून येत नाही. फॅटी लिव्हर असलेल्या प्रौढांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, त्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के भाग अंगावरच्या चरबीच्या साठ्यातून रक्तात उतरलेल्या मेदाम्लांचा, १५ टक्के थेट आहारातल्या स्निग्धाचा, आणि तब्बल २६ टक्के भाग यकृताने स्वतः, मुख्यतः साखर व पिष्टापासून, तयार केलेला आढळला.

यकृताच्या ह्या घरच्या उत्पादनावर जनुकांचा हात असतो. यकृतात ग्लुकोज वापरात आणणारे ग्लुकोकायनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि जीसीकेआर ह्या जनुकापासून बनणारे प्रथिन त्याला दोन जेवणांच्या मधल्या काळात आवरून धरते. ह्या जनुकातल्या एका सर्रास आढळणाऱ्या बदलामुळे ती पकड सैल होते, ग्लुकोज अधिक वेगाने वापरले जाते आणि त्यातून चरबी अधिक बनते. अशा मुलाची उपाशीपोटीची शुगर किंचित कमीच असू शकते, पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, वाढलेले असू शकते. म्हणून ‘शुगर तर नॉर्मल आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. येल विद्यापीठातील संशोधकांनी स्थूल किशोरवयीन मुलांमध्येच चरबीनिर्मिती मोजून तिचा ह्या बदलाशी संबंध दाखवला आहे. २००८ साली उजेडात आलेला, पीएनपीएलए३ ह्या दुसऱ्या जनुकातला बदल मात्र वेगळ्या वाटेने जातो: तिथे साठलेली चरबी बाहेर पडायला अडथळा होतो.

आता भावांचे. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोघांकडेही बदललेली एकेक प्रत असेल तर एका मुलाला दोन्ही बदललेल्या मिळतील आणि दुसऱ्याला एकही नाही, असे सहज घडते. ह्यात आईच्या स्वयंपाकाचा दोष नाही.

‘‘मग रक्तातच असेल तर पथ्याचा काय उपयोग?’’ असे वडील विचारतात, तेव्हा मी गुऱ्हाळाचे उदाहरण देतो. चरक कितीही सैल फिरत असला तरी ऊसच आला नाही तर काहिलीत काय पडणार? सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्थूल मुलांच्या आहारातली बरीचशी साखर काढून तेवढ्याच उष्मांकांचे पिष्टमय पदार्थ दिले, तेव्हा अवघ्या नऊ दिवसांत यकृतातली चरबी आणि तिची निर्मिती दोन्ही घटली. ज्याचे जनुक चरबीनिर्मितीला उत्तेजन देणारे, त्याने साखर आधी कमी करावी, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यासाठी मी जनुकीय तपासणीची वाट पाहत नाही.

सांगलीत ह्यापुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘‘गूळ चालेल ना?’’ गुळातही मुख्यतः साखरच असते आणि यकृताला तो फरक कळत नाही. तेव्हा शीतपेय, बिस्किटे आणि चहातला गूळ, तिन्ही बंद. आणि तेही दोन्ही भावांचे, कारण एकाच्या कपात गूळ आणि दुसऱ्याच्या कपात नाही, असे मी कोणत्याच घरात सांगत नाही.