पासीघाटची परात आणि माझं डकोटा

प्रवास थोडक्यात उरकतो: दिब्रुगड, बोगीबीलचा पूल, अरुणाचलात शिरायच्या परवान्याच्या, म्हणजे इनर लाइन परमिटच्या पायी फुकट गेलेली अख्खी सकाळ, पासीघाट. 2023 मध्ये उघडलेलं तिथलं हम्प म्युझियम पाहिलं. ऑक्सिजन सिलिंडर, मशीनगनी, जंगलातून आणलेले विमानांचे तुकडे. 1942 ते 45 या काळात अमेरिकन विमानं आसामातून डोंगर ओलांडून चीनला रसद नेत. त्या वाटेला हम्प म्हणत, आणि शेकडो विमानं तिनं गिळली. पण लिहायला बसलोय ते परातीबद्दल.

होमस्टेतलं जेवण उकडलेलं, पण आग्रह कोकणातल्या आत्याचा. चुलीशेजारी आजीबाई मक्याचे दाणे सोलत होत्या, ॲल्युमिनियमच्या परातीत. परात कसली, ठोकून खोलगट केलेला पत्रा! कडेला रिव्हेटांची ओळ, पाठीला पोपटी-पिवळ्या प्रायमरचा पुसट पट्टा. मी हवाई दलातला एअरफ्रेम फिटर. ऐन उमेदीत जोरहाटला डकोटा विमानाच्या पोटाखाली उताणा पडून कामं केलेली. राहवेना. परात मागून घेतली, रिव्हेटांवरून नख फिरवलं. प्रत्येकाच्या डोक्यात मधोमध बारीक खळगी. अमेरिकन मिश्रधातूची खूण.

"डकोटा!" मी जाहीर करून टाकलं. वर पंधरा मिनिटं भाषण. बायको भिंतीकडे बघत बसली. तिला हा सूर पाठ आहे.

मग आजींच्या नातवानं माळ्यावरून एक ब्रॅकेट काढला, परातीचा पत्रा जिथून आणला त्याच जागेवरचा. राखेनं घासला तर नंबर उमटला. सुरुवात 32. झालं! 32 हे कन्सॉलिडेटेड कंपनीच्या लिबरेटर विमानाचं मॉडेल. सुट्या भागांचे नंबर त्यावरूनच पडत. डकोटा दोन इंजिनांचं, लिबरेटर चार. खळगीचे रिव्हेट दोन्हींत असतात. मी खूण वाचलीच नव्हती, जुन्या ओळखीचं नाव चिकटवलं होतं.

आणि लिबरेटर म्हटलं तरी बॉम्बर, की तेच धूड मालवाहू केलेलं सी-87? तिथं 32 मुका. नेमकं विमान ठरवायला इंजिनावरची नंबरपट्टी हवी. बेपत्ता विमानांच्या अमेरिकन अहवालात इंजिनांचे, गनांचे नंबर नोंदलेले असतात. ते जुळले की आतल्या माणसांची नावं हाती लागतात. अरुणाचलातच दामरोहजवळ पडलेलं 'हॉट ॲज हेल' हे लिबरेटर 25 जानेवारी 1944 ला हरवलं, सापडलं 2006 मध्ये.

हे मी नातवाला हिंदीत सांगितलं, त्यानं आजीला आदी या तिथल्या भाषेत. तिनं एकच विचारलं: आत किती जण होते?

"इंजिन कुठंय?" मी नातवाला विचारलं.

"ते वडिलांच्या वेळीच भंगारात गेलं."

आजी माझ्या तोंडाकडे बघत होती. पंधरा मिनिटं बोलणाऱ्या माणसाला एक आकडा सांगता येईना.