किल्लारीचा न नोंदलेला हादरा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन नेमकी कशी हलली, हे सांगणारी एकही नोंद भूकंपकेंद्राजवळच्या कोणत्याही त्वरणमापकावर, म्हणजे हादऱ्याचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर, उमटली नाही. तो भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत होता. आज त्या पट्ट्यातल्या एखाद्या रुग्णालयाची इमारत, भेगा पडून तिची ताकद उतरेपर्यंतच्या टप्प्यांसह संगणकावर तपासायची म्हटली, तर तिला द्यायचा भूकंप आणायचा कुठून, हा प्रश्न मला अनेक वर्षे सोडत नाही. कॅलिफोर्नियातल्या नोंदी लहानमोठ्या करून वापरण्याची पद्धत रूढ आहे, पण दख्खनच्या जुन्या, कठीण खडकात लाटा तिथल्याइतक्या लवकर विरत नाहीत. म्हणून सिम्युलेशनकडे, म्हणजे संगणकावर भूकंपाची कंपने तयार करण्याकडे, वळावे लागते. अमेरिकेच्या एएससीई ७-१६ या मानकात अशा विश्लेषणासाठी किमान ११ कंपने लागतात आणि खऱ्या नोंदी अपुऱ्या असतील तर सिम्युलेटेड कंपनांची भर घालण्याची मुभाही आहे. मात्र ती कंपने इमारतीच्या दृष्टीने खरी आहेत की नाहीत, हे तपासण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावरच येते.

ही तपासणी बहुतेक वेळा रिस्पॉन्स स्पेक्ट्रमपाशीच थांबते. एखादे कंपन वेगवेगळ्या आवर्तकालाच्या (एक डोलणे पुरे व्हायला लागणाऱ्या वेळाच्या) इमारतींना किती जोराने हलवेल, हे दाखवणारा तो वक्र. खरा आणि सिम्युलेटेड असे दोन वक्र एकमेकांवर ठेवायचे, ते जुळले की काम झाले, असे मानले जाते. हे पुरेसे नाही.

प्रचलित संकर पद्धतीत संथ आंदोलनांच्या लाटा भूगर्भाच्या त्रिमितीय मॉडेलमधून गणिताने काढतात, जलद आंदोलनांच्या लाटा यादृच्छिक पद्धतीने तयार करतात आणि साधारण १ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला एका आंदोलनाच्या, आसपास दोन्ही जोडतात. आयएस १८९३ या भारतीय भूकंप मानकाच्या ०.०७५ × उंचीचा ०.७५ वा घात या सूत्राने ३० मीटर उंचीच्या काँक्रीट फ्रेमचा आवर्तकाल ०.९६ सेकंद येतो, म्हणजे आपल्या शहरांतली नेहमीची दहा मजली इमारत नेमकी या सांध्यावर उभी असते. त्यामुळे मी एकेका कंपनाचा वक्र ०.७ ते १.५ सेकंदांच्या पट्ट्यात मोठा करून पाहतो. तिथे अचानक खळगा किंवा उंचवटा दिसला, तर सरासरी कितीही सुबक असली तरी ते कंपन बाजूला ठेवतो आणि सांध्याची जागा बदलून ते पुन्हा तयार करतो.

याहून खोल अडचण शेजारच्या आवर्तकालांमधल्या नात्याची आहे. खऱ्या भूकंपात १ सेकंदाला सरासरीपेक्षा जोरदार असलेली नोंद १.३ सेकंदालाही बहुधा जोरदारच असते. इमारतीला तडे गेले की तिचा ताठरपणा घटतो, आवर्तकाल लांबतो आणि ती या दुसऱ्या बिंदूकडे सरकते. म्हणजे जोरदार नोंद तिला तिथेही गाठते. सिम्युलेशनमध्ये हे नाते सैल राहिले, तर एका ठिकाणचा जोर पुढच्या ठिकाणच्या ढिलाईने भरून निघतो, मजल्यांच्या सापेक्ष सरकण्यातला नोंदीगणिक फरक आक्रसतो आणि कोसळण्याची शक्यता आहे त्यापेक्षा कमी दिसते. सरासरी स्पेक्ट्रमच्या आलेखात यातले काहीही दिसत नाही. जो दोष इमारतीला सुरक्षित ठरवण्याच्या बाजूने झुकतो, तो मला सर्वांत धोकादायक वाटतो.

महाराष्ट्रात पडताळणीसाठी आधार आहे तो कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे धरणाच्या अक्षाच्या दिशेने ०.६३ जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण), अक्षाला काटकोनात ०.४९ जी आणि उभ्या दिशेने ०.३४ जी इतके कमाल त्वरण नोंदले गेले. किल्लारीसाठी वापरायची पद्धत आधी कोयनेवर चालवून पाहावी, असा माझा आग्रह असतो. तरीही तो त्वरणमापक धरणाच्याच गॅलरीत (आतल्या मार्गिकेत) होता, त्यामुळे त्या नोंदीत धरणाचे स्वतःचे डोलणे किती मिसळले आहे याचा विचार करावा लागतो; शिवाय एकाच ठिकाणच्या नोंदीवरून कंपनांमधली विविधता पडताळता येत नाही. तेवढ्यासाठी १९८९ चा लोमा प्रिएटा आणि १९९४ चा नॉर्थरिज यांसारखे, अनेक ठिकाणी नोंदले गेलेले भूकंपच घ्यावे लागतात. तिथे खऱ्या आणि सिम्युलेटेड कंपनांचे दोन्ही संच एकाच इमारतीच्या मॉडेलला देऊन, मजल्यांच्या सरकण्याची सरासरी आणि त्यातला नोंदीगणिक विखुरलेपणा मी वेगवेगळे मांडतो. विखुरलेपणा जुळला नाही, तर किल्लारीसाठी त्या पद्धतीने काढलेले आकडे अहवालात सरासरीपुरतेच घेतो आणि कोसळण्याच्या शक्यतेचा रकाना रिकामा ठेवतो.