पोट फुगलंय म्हणजे जंतच असतील असं नाही

इकडे इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या रक्तविकारांच्या वॉर्डात काम करते, त्यातलंच जरा लिहिते, ओळख पटेल असं काही नाही. पोट फुगण्यामागे कधी कधी वाढलेली प्लीहा (डाव्या फासळ्यांखालचा अवयव) असते. आपल्याकडे ती वाढली की आधी मलेरिया आणि टायफॉईड बघतात आणि ते बरोबरच आहे, तिथे तेच जास्त. इकडे पहिली भीती ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची. पण मूल भारतात सुट्टीला जाऊन आलंय कळलं की मलेरियाची स्लाईड एकदा निगेटिव्ह येऊन भागत नाही, परत परत बघतात.

तर एक मराठी कुटुंब आलं. पोरगं हडकुळं, पोट नगाऱ्यासारखं, पायांवर निळे डाग, रात्री हाडं दुखतात म्हणून रडायचं. आजीने व्हिडिओ कॉलवर निदान कधीच करून टाकलेलं, जंत! आमच्या कन्सल्टंट बाईंनी हात ठेवला तो उजवीकडे, बेंबीच्याही खाली, आणि प्रत्येक श्वासाला हळूहळू डाव्या फासळ्यांकडे सरकवत नेला. नवे डॉक्टर थेट फासळ्यांखाली दाबतात आणि प्लीहा खूपच मोठी असेल तर कडा सापडतच नाही, ती केव्हाच खाली उतरलेली असते.

प्लेटलेट कमी, हिमोग्लोबिन कमी, पण कॅन्सरच्या पेशी कुठेच नाहीत. शेवटी निघाला गौचर नावाचा आजार. एक एन्झाइम कमी पडतं आणि एक प्रकारची चरबी प्लीहा, यकृत, हाडांच्या मगजात साठत जाते. १८८२ मध्ये पॅरिसला फिलिप गौचर यांनी पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा त्यांनाही प्लीहेचा कॅन्सरच वाटला होता! आता साध्या रक्तातून एन्झाइम मोजता येतं, मग जीन टेस्ट, बहुतेकदा तपासायला बोन मॅरो (हाडांतला मगज) काढावाही लागत नाही. टेस्ट सोपी आहे हो, ती कुणाला तरी सुचायला हवी, तिथेच घोडं अडतं.

"आमच्यात कुणालाच नाही असलं," आई म्हणाली. आई-बाबा दोघंही नुसते वाहक असतात, त्यांना स्वतःला हा आजार नसतो, मग कळणार कसं.

आता दर दोन आठवड्यांनी एन्झाइमची सलाईन, प्लीहा बरीच आक्रसलीये. बाबांचा प्रश्न वेगळाच, भारतात परत जायचं झालं तर? मुंबईचं केईएम हॉस्पिटल दुर्मिळ आजारांच्या सरकारी केंद्रांत आहे, २०२१ च्या धोरणाखाली मदतही मिळते, पण मर्यादा ५० लाखांची आणि डोस वजनावर, म्हणजे पोरगं वाढेल तसा खर्च वाढणार, तोही जन्मभर. पुण्याचा फ्लॅट त्यांनी सध्या भाड्यानेच ठेवलाय.