फेस न येणारा साबण

थंडी पडली की द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, येणाऱ्या बायकांपासून बँकेतल्या मॅडमपर्यंत सगळ्यांचा मला एकच प्रश्न: "ताई, तुमचा चेहरा उलत कसा नाही? लावता तरी काय?" प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यानं उत्तर देऊन झालंय. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

माझं माहेर कुडाळकडचं. तिकडे थंडी म्हणजे पहाटे चादर पायावरून गळ्यापर्यंत ओढून घेणं, एवढंच. लग्न होऊन निफाडला आले आणि डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उलटी केली, तर थेंब पडेना. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं हे इथे आल्यावर कळलं. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ मध्ये पारा १.८ अंशांवर उतरला होता. त्या रात्री आम्ही द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून बसलो होतो. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे ठिबक सोडलं. मण्यांची एवढी काळजी केली, आणि सकाळी आरशात पाहिलं तर ओठातून रक्त.

त्याच्याही आधी, पहिल्या हिवाळ्यात, शेजारणीच्या सांगण्यावरून बेसन आणि लिंबू लावायची. तिसऱ्या दिवशी गालांवर साध्या पाण्याचीही आग व्हायला लागली. आईला फोन केला, तर तिनं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळून चार गोळे पाठवले. फिकट पिवळसर, अंड्याएवढे, वर बोटांचे ठसे उमटलेले. मी ते न्हाणीघराच्या फळीवर ठेवले आणि मामंजींनी आंघोळीला एक उचलला. बाहेर येऊन म्हणाले, "सूनबाई, हा कसला साबण आणला? घासून घासून दमलो, फेसच धरीना."

तो साबण नव्हता. ते मुठेल होतं, म्हणजे कोकमाचं तेल. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं आमसुलांना गेली की उरलेल्या बिया वाळवायच्या, कुटायच्या आणि पाण्यात उकळायच्या. चरबी वर तरंगते. ती काढून, आळायला लागली की मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून मुठेल. कोकणात ते खातातही, त्यामुळे ओठांवरून पोटात गेलं तरी चिंता नाही. हे तेल वितळतं जवळपास चाळीस अंशांना. म्हणजे अंगावर चोळलं तरी पूर्ण पातळ होऊन निथळत नाही, पातळ थर धरून बसतं. मोटरसायकलवर मागे बसून लासलगावहून यायचं असेल, तर असा बसून राहणाराच थर हवा.

पण नुसतं मुठेल आणून भागत नाही, हे मला स्वतःला कळायला महिना गेला. मी रात्री कोरड्या चेहऱ्यावर ते रगडायची. सकाळी चेहरा तुकतुकीत, पण आतून तसाच ताणलेला. आईनं फोनवर सुनावलं, "सुक्यार लावून काय उपेग? ओल्यार लाव गो!" तेलात पाणी नसतं. ते फक्त त्वचेतलं पाणी अडवतं. अडवायला पाणीच नसेल तर ते बिचारं करणार काय? तेव्हापासून तोंड धुतलं की टॉवेल नुसता टेकवायचा, आणि ओल असतानाच हरभऱ्याच्या डाळीएवढा कपटा तळहातात ऊब देऊन गालांवर दाबायचा.

दुसरी गोष्ट नणंदेच्या घरी शिकले. तिला तासगावात दिलीय, त्यांचं बेदाण्याचं शेड आहे. द्राक्षाच्या मण्यावर पांढुरकी झाक असते ना, ते मेण असतं. मण्यातलं पाणी तेच धरून ठेवतं. बेदाणा करायचा असेल तर घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. त्या मेणाची पकड ढिली होते, आणि एरवी कितीतरी दिवस रेंगाळणारा मणी पंधरवड्यात सुकतो. मी ते पाहत उभी होते आणि मनात आलं, अगं, बंबातलं कढत पाणी आणि दिवसातून तीनदा साबण, आपण दुसरं काय करतो? त्वचेचं स्वतःचं तेल धुवायचं, मग गार कोरड्या वाऱ्यात उभं राहायचं. तो वारा ओल टिपून नेतो आणि त्याच्या जागी पुन्हा कोरडी हवा येते. शेडमध्ये तेच हवं असतं म्हणून चारी बाजू उघड्या ठेवतात.

त्यामुळे काय लावता याच्याआधी काय लावत नाही ते ऐका. थंडीत चेहऱ्याला साबण नाही, पाणी कोमट. बेसन, लिंबू, मुलतानी माती उन्हाळ्यापर्यंत बंद. ही सगळी त्वचा कोरडी करणारी मंडळी. उटणं दिवाळीपुरतं. ओठ जिभेनं ओले करायचे नाहीत, थुंकी वाळताना ओठ आणखी सुकवते. तोंडाला ओढणी मात्र घट्ट. थिनिंगच्या बायका बांधतात तशी, नाकावरून.

हातापायांसाठी एक भाग मुठेल आणि तीन भाग तिळाचं तेल मंद आचेवर एकत्र करून डबीत ओतते. टाचांच्या भेगांत रात्री भरायचं आणि वर सुती मोजे. भेग खोल असेल, रक्त येत असेल, किंवा घरात कुणाला साखर असेल, तर मात्र आधी डॉक्टर. मामंजींची टाच मी दोन वर्षं नुसती चोळत बसले होते, ते चुकलंच. आणि तोंडावर मुरमं येणाऱ्यांनी हे आधी कानामागे लावून दोन दिवस थांबावं.

मिळतं कुठे? आता बाटल्यांत पांढरंशुभ्र कोकम बटरही विकतात. तेही चालतं, फक्त त्यावर बोटांचे ठसे नसतात. एरवी मे महिन्यात कोकणात जाणारं कुणी शोधा आणि आधीच सांगून ठेवा. माझ्याकडे मागू नका. दोनच गोळे उरलेत, त्यातला एक मामंजींनी आपल्या उशाशी ठेवलाय, आणि अख्खा जानेवारी अजून जायचाय.